नाटकातल्या नवरीचं कन्यादान

निजामाच्या राज्यातली गोष्ट. परळीची जत्रा उरकून संगीत नाटकाची कंपनी आमच्या धर्मापुरीत उतरली. आबा, म्हणजे माझे वडील, गावचे पाटील. त्यांनी हुकूम सोडला, "आधी आमी बघू. पोरासोरांजोगं असलं तरच पोरं बसतील."

मला रडूच कोसळलं. मी नऊ वर्षांची, लगीन ठरलेलं. वैशाखात केजला सासरी जायचं, अन् तिथं सुनांना कसलं आलंय नाटक! हे एवढं एकच नाटक माझ्या नशिबी होतं.

दुपारी देवळापुढं आबांसाठी खेळ लागला. मी खांबाआड. नायिका म्हणजे चांगला दाढीवाला गडी. सकाळीच ओढ्यावर न्हाव्यापुढं गाल फुगवून बसलेला बघितला होता. पण पदर घेऊन गायला लागला अन् आबा डोलायला लागले. मग नायिकेनं आपल्या मनानं नायकाला माळ घातली, तसे आबा ताडकन उठले.

"बंद करा बे! बापाला न इचारता लगीन? पोरींनी काय शिकावं ह्यातून?"

कंपनीचा मालक हात जोडून म्हणाला, "पाटील, नाटकात हिला बापच न्हाई."

"न्हाई कसा? मी हाय की!"

आता बोला! भटजी आले. मुहूर्त गोरजाचा निघाला, म्हणून नाटक तोवर थांबलं. अंतरपाट धरला, खऱ्या मंगलाष्टका झाल्या. आबांनी कन्यादान केलं अन् घळाघळा रडले. माझी आई कपाळाला हात लावून बसली.

वाटलं, झालं, आता पोरांना मुभा मिळणार. कसलं काय! पुढच्या अंकात नायक नायिकेला टाकून निघाला. आबा काठी घेऊनच वर चढले.

"माझ्या लेकीला टाकतो व्हय रे? ही न्हाई नांदायची असल्या घरी!"

अन् नायिका झालेल्या त्या गड्याला हाताला धरून घरी आणलं की! आईनं पुरणपोळ्या वाढल्या, त्यानंही लाजत लाजत लई हाणल्या. नायकानं पाया पडून माफी मागितली, तेव्हा कुठं आबांनी लेकीला साडीचोळी देऊन धाडलं. मालकानं त्याच पावली गाड्या जुंपल्या. नाटक राहिलं ते राहिलंच. मेलं माझं नशीब!

वैशाखात माझं लगीन झालं. आबा रडले न्हाईत, पंगतीच्या गडबडीत होते. दिवाळीला मी माहेरी आले ती पाठीवर वळ घेऊन. आबांच्या गळ्यात पडून म्हणाले, मला न्हाई जायचं. आबा म्हणाले, "सासर हाय पोरी. सोसावं लागतं."

दुसऱ्या दिवशी दारात गाडी उभी. मी चढता चढता इचारलं, "आबा, मग त्या दाढीवाल्याला कशापायी घरी आणलं होतं?"

आबांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. गाडीवानाला म्हणाले, "हाण."