टिंबताईंची सरळ रेघ

टिंबताईंचं यंत्र बिघडलं, तेव्हाची ही गोष्ट. माणूस बघतो तेव्हा त्याचे डोळे कुठून कुठे पळतात, यावर त्यांचं संशोधन. हनुवटी स्टँडवर टेकवायची, पडद्यावरच्या टिंबाकडे बघायचं. खालचा कॅमेरा बुबुळाचा माग काढतो आणि शेजारच्या पडद्यावर रेघ उमटते. नजर स्थिर, तर रेघ सरळ. दिवसभर त्यांचं ‘टिंबाकडे बघा, टिंबाकडे बघा’ चालायचं, म्हणून त्या टिंबताई. संस्थेतली यंत्रं दुरुस्त करणारा मी, म्हणून मी मिस्त्री. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

रोज सकाळी यंत्रासमोर आधी त्या स्वतः बसत. त्यांची रेघ सरळ आली, की यंत्र बरोबर. वर्षानुवर्षं हाच नियम, आणि तो बदला म्हणायची कुणाची टाप नव्हती.

एका सकाळी टिंब उजव्या कडेला गेलं आणि रेघेला करवतीसारखे दात फुटले.

“मिस्त्री, तुमचं लाडकं बिनसलंय.”

मी वायर बदलली, दिवा बदलला, कॅमेऱ्याचे स्क्रू आवळले. दात तसेच.

“मी बसून बघू का?”

“त्या जाड भिंगांतून? चष्म्यावर नुसती चकाकी येईल.”

“मग विद्यार्थ्यांपैकी कुणाला तरी बसवा.”

“आधी माझी रेघ सरळ येऊ दे. बिघडलेल्या यंत्रावर मी कुणाला बसवत नसते.”

मी हात टेकले. आठवडाभर रोज तेच. मलाही आता त्या यंत्राचा राग यायला लागला होता. शेवटी संचालकांनी निकाल दिला, यंत्र जुनं झालंय, सोमवारी भंगारात काढा. नवीन कधी, विचारलं तर म्हणाले, “बघू.” आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही. यंत्र गेलं की त्यावर चालणारा रविवारचा कार्यक्रमही बंद.

महिन्यातून एका रविवारी संस्था सगळ्यांसाठी उघडी असे. लोक पोराबाळांना घेऊन येत, आपली नजर कशी पळते ते बघून चकित होत, आणि ताई घसा बसेपर्यंत बोलत. त्या एकट्या राहायच्या. थोरली बहीण सोबत होती, ती गेल्या वर्षी लांब मुलाकडे राहायला गेली. ‘केस विंचरलेस का, चेहरा का उतरलाय’ असं दारातच अडवणारी ती होती, तेव्हा ताई तिच्या नावाने कुरकुरायच्या. आता डबा पडद्यासमोरच खायच्या. एकदा सोमवारी सकाळी मला म्हणाल्या, “मिस्त्री, शनिवारी संध्याकाळी घरी गेले, त्यानंतर आत्ता तुमच्याशीच पहिलं बोलतेय.”

“मग जरा गोड बोला की,” मी म्हटलं. त्या हसल्या. मला मात्र रात्री जेवताना ते आठवलं आणि घास गोड लागेना.

तो शेवटचा रविवार उजाडला. यंत्रावर चादर टाकलेली. टेबलांवर नुसते आरसे मांडले होते. खेळ सोपा. आरशात आपल्या एका डोळ्याकडे बघायचं, मग दुसऱ्या डोळ्याकडे. डोळे हलताना स्वतःला कधीच दिसत नाहीत. नजर उडी मारते तेवढ्या क्षणापुरतं दिसणं मेंदू दाबून टाकतो. “आता शेजारच्याला विचारा!” ताई सांगायच्या, की लगेच हलकल्लोळ, “अगं, हलले की! चांगले टकाटका हलले!”

खेळाला दोघं लागतात. एक छत्रीवाल्या बाई एकट्याच आल्या होत्या, म्हणून ताई त्यांच्यासमोर बसल्या. आधी बाईंचे डोळे झाले, मग पाळी ताईंची. नीट दिसावं म्हणून त्यांनी नजर पार उजव्या कडेला नेऊन थांबवली.

“हलले,” बाई म्हणाल्या. मग जरा पुढे वाकल्या. “पण ताई, अजून हलतायत. बारीक बारीक. दुखतात का हो?”

ताई तडक उठल्या, चादर ओढून बाजूला फेकली, यंत्र चालू केलं आणि बाईंना त्यासमोर बसवलं. “टिंबाकडे बघा.” टिंब डावीकडे गेलं, मध्ये आलं, उजव्या कडेला थांबलं. रेघेला एकही दात नव्हता.

“मिस्त्री! यंत्र ठणठणीत आहे!” त्यांनी माझा हात घट्ट धरला. डोळ्यांत पाणी होतं. जत्रेत हरवलेलं लेकरू सापडावं तसा आनंद झाला होता त्यांना. आणि मला मात्र तेव्हा बरं वाटेना. मी आठवडाभर रेघ बघत होतो, त्या बाईंनी डोळे बघितले.

सोमवारी भंगारवाला आल्या पावली परत गेला, आणि मी ताईंना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बोट उजवीकडे नेऊन बघितलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत ते विचारलं. मानेच्या दुखण्यासाठी नुकतीच वाढवलेली गोळी याला कारण निघाली.

“कमी करू. हळूहळू थांबेल,” ते म्हणाले. ताईंनी सुस्कारा सोडला. माझाही जीव भांड्यात पडला. डॉक्टर लिहीत होते. लिहिता लिहिताच त्यांनी सहज विचारलं, “घरात कुणाच्या लक्षात आलं हे?”

ताईंनी टेबलावरचा गोळ्यांचा कागद उचलला, परत ठेवला. डॉक्टरांनी मान वर केली.

“काल एक बाई आल्या होत्या,” ताई म्हणाल्या. “छत्री होती त्यांच्याकडे. त्यांच्या लक्षात आलं.”