चिलापीच्या मोसमात

आई गेली त्या वर्षी आबांनी बोट विकली. उभा जन्म रायगडच्या किनाऱ्यावर, समुद्राच्या जिवावर काढलेला माणूस रिकाम्या घरात एकटा बसलेला मला बघवेना. मी त्यांना व्हिजिट व्हिसावर सौदीत, अल-हसाला बोलावून घेतलं. इथल्या हॉस्पिटलात मी नर्स आहे. नवरा जुबैलच्या एका प्लांटवर इंजिनिअर. रविवारी पहाटे जातो, गुरुवारी संध्याकाळी येतो. मधले दिवस घरात मी आणि आमची नऊ वर्षांची मुलगी.

आबा आले तेव्हा थंडी ओसरत होती. पहिले काही दिवस ते पाहुण्यासारखे सोफ्याच्या कडेवर बसून राहिले. नातीशी बोलायला जात, ती इंग्रजीत उत्तर देई आणि ते नुसती मान डोलवत. एका दुपारी ड्यूटीवरून आले तर आबा जिन्यात बसलेले.

"इथे का बसलात?"

"घरात वाराच लागत नाय गो, बाय."

त्याच आठवड्यात मी त्यांना गाडीत घालून तलावावर नेलं. शहराच्या पूर्वेला, खजुराच्या बागांचं निथळलेलं पाणी वाळूच्या टेकड्यांमध्ये साठून हा तलाव झालाय. कडेला माणसाहून उंच बोरू, मधे बदकं. आबांनी खाली उतरून पाण्यात बोट बुडवलं, चाखलं आणि थुंकले.

"मुकं पानी हाय," ते म्हणाले. "ना भरती, ना ओहोटी. मासली हाय का यात?"

मासळी होती. आपल्याकडे धरणात मिळते ती चिलापी. इथे तिला बुल्टी म्हणतात. वसंत लागला की ती काठाच्या उथळ पाण्यात येते, तळाशी ताटाएवढे खळगे करते आणि त्यावर राखण करत फिरते. वरून सगळं स्पष्ट दिसतं. पुढच्या खेपेला मी तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, आणि गळ विकत आणले. आबांनी कोळंबी लावून दोरी फेकली. कितीतरी वेळ गेला, काही लागलं नाही. त्यानंतरच्या खेपेलाही नाही. समोर मासे फिरताहेत आणि एकही गळाला तोंड लावत नाही, म्हणून आबा असे चिडले की त्यांनी वाळूची मूठ पाण्यात भिरकावली. मला हसू आलं, त्यांनाही आलं. आई गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते.

शेजारच्या बागेत कामाला असलेला एक बांगलादेशी रोज दुपारनंतर तिथे यायचा. माडासारख्या उंच खजुरांवर चढून फुलोऱ्याला पराग लावायचे ते दिवस, त्यामुळे त्याच्या बाह्या पिठात बुडवल्यासारख्या दिसायच्या. त्यानेच आबांना शिळा खबूस, म्हणजे इथली रोटी, मळून त्याची गोळी गळाला लावून दिली. आबा मराठीत बोलायचे, तो बंगालीत. मधेमधे एखादा हिंदी शब्द. दोघांचं अडत मात्र नव्हतं. पहिली चिलापी लागली तेव्हा तो आबांपेक्षा मोठ्याने ओरडला.

मग आमचं ठरूनच गेलं. माझी ड्यूटी संपली, मुलगी शाळेतून आली की तलाव. मुलगी आधी गाडीतून उतरायची नाही, वास येतो म्हणायची. नंतर आजोबांच्या शेजारी बसून पाण्यातले खळगे दाखवायला लागली. एकदा आबांनी एक मासा ओढला आणि त्याच्या तोंडातून मोहरीएवढी पिल्लं बाहेर सांडली. ही जात अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. आबांनी घाईने गळ सोडवला आणि मादीला पाण्यात ठेवलं. थोड्या वेळाने पिल्लं परत तिच्या तोंडात शिरली. "समुद्रात असा कधी बघला नाय मी," असं ते घरी येईपर्यंत म्हणत होते. मुलीने रात्री जेवताना मला विचारलं, आणि चक्क मराठीत, "मग ती खाते काय?"

लागलेले मासे आबा त्या बांगलादेशीला आणि त्याच्या सोबत्यांना देऊन टाकत. ते तिथेच काटक्या पेटवून भाजत. आबांना मधे बसवत. बसायला स्वतःची चादर देत. आमच्या घरात आबांना असं कोणी मधे बसवलं नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं.

मार्च महिन्यात शाळांना सुट्टी लागली. एका दुपारी तलावाजवळ मोठी गाडी थांबली आणि नवऱ्याच्या प्लांटवरचे एक साहेब बायकोमुलांसह उतरले. पुण्याचे. आमच्या ओळखीचे. मराठी कानावर पडलं तसे आबा तोंड भरून हसत पुढे गेले. हाताला माशाचे खवले, लुंगी गुडघ्यापर्यंत ओली.

साहेबांनी विचारलं, "काका, तुम्ही स्वतः पकडता?"

"मंग! कोळी हाय मी," आबा म्हणाले. "जावईबी आमच्यातलाच. त्याची आई माझ्याच बोटीची मासली विकायची. टोपली डोक्यावर घेऊन बारा गावं फिरली बिचारी, पण पोराला इंजिनिअर केला."

आबांनी हे ज्या अभिमानाने सांगितलं, त्याने माझा ऊर भरून आला. साहेब कौतुकाने "वा वा" म्हणाले. त्यांच्या बायकोने माझ्याकडे बघून डोळे जरा मोठे केले. नवऱ्याने ऑफिसात आपले वडील शिपिंगमध्ये होते असं सांगितलेलं आहे, हे मला त्या बाईकडूनच तिथे कळलं.

गुरुवारी नवरा आला. आदळआपट नाही, आरडाओरडा नाही. हात धुऊन जेवायला बसला आणि आमटी वाढून घेताना म्हणाला, "मामा, आता त्या तलावावर जाणं बंद करा."

आबांना वाटलं, सरकारी मनाई झाली असेल. "पोलिसांनी सांगितला काय?"

"मी सांगतोय. ते गटाराचं पाणी आहे. आणि लेबर लोकांत तुम्ही उकिडवे बसता, लोक बघतात."

"पाणी बागांचं आहे," मी म्हटलं. "आणि लोक म्हणजे कोण? पुण्याचे साहेब?"

"तू मधे बोलू नकोस. मला तिथे रोज तोंड दाखवायचं असतं."

लग्नानंतर मी त्याला कायम अहो म्हणत आले. त्या दिवशी पहिल्यांदा तोंडातून निघालं, "अरे, त्या टोपलीवरच शिकलास ना तू?"

"म्हणूनच," तो म्हणाला. "शाळेत माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही. वास यायचा म्हणे. तुला काय माहीत?"

मला माहीत होतं. माझ्याही बाकावर कोणी बसत नसे. पण त्याची शिक्षा मी माझ्या बापाला दिली नव्हती. हेही मी त्याला तिथेच, मुलीसमोर, ऐकवलं. तो ताटावरून उठला. आबांनी आपलं ताट मात्र पुसून घेतल्यासारखं रिकामं केलं. अन्न टाकायचं नाही ही त्यांची रीत.

सकाळी आबा म्हणाले, "बाय, माझं तिकीट बघ."

व्हिसा अजून बराच बाकी होता. मी रडले, रागावले, नवऱ्याशी पुन्हा भांडते म्हटलं. ते म्हणाले, "जावईबापूंचा चुकला नाय. मीच जास्त बोललो." यातलं त्यांना किती खरं वाटत होतं कोण जाणे. पण त्या दिवसापासून ते जावयासमोर सोफ्यावर बसले नाहीत.

निघायच्या आधी, नवरा जुबैलला असताना, मी त्यांना तलावावर नेलं. मासेमारी करायची नाही असं ते स्वतःच ठरवून आले होते. बांगलादेशी झाडावर होता. आबांना बघून भराभर खाली उतरला. आबांनी तंगूस, गळ, सगळं त्याच्या हातात दिलं आणि आकाशाकडे बोट करून विमान दाखवलं. त्याला कळलं. त्याने आबांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला आणि खूप वेळ सोडला नाही. आबा त्याला म्हणाले, "मादी लागली तर सोड हां." तो मान हलवत राहिला.

दम्माम विमानतळावर नवऱ्याने आबांची बॅग स्वतः उचलली आणि सगळ्यांच्या देखत वाकून पाया पडला. आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी दुसरीकडे बघत राहिले.

आबा आता गावात दुसऱ्यांची जाळी विणून देतात. दरवर्षी मी व्हिसाचं विचारते, दरवर्षी ते "ऊन झेपत नाय" म्हणतात. जावई फोनवर आला की "तुमची तब्येत बरी ना?" एवढंच विचारून फोन नातीकडे द्यायला सांगतात. ती मात्र त्यांच्याशी मराठीत बोलते, अडखळत, चुकत. एवढंच त्या वसंतातून हाती लागलं.

नवऱ्याचं पुढे प्रमोशन झालं. मी शुक्रवारच्या ड्यूट्या मागून घ्यायला लागले. हॉस्पिटलात सगळ्यांना आश्चर्य वाटलं, कारण सुट्टीचा शुक्रवार घरच्यांसोबत मिळावा म्हणून बाकीच्या भांडतात. का मागतेस, असं दोघीतिघींनी विचारलं. नवऱ्याने अजून विचारलेलं नाही.