डाव्या तळहातावर

देवावर माझा राग नव्हता, पण विश्वासही फारसा उरला नव्हता. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी काढली. दर उन्हाळ्यात तलावांचे तळ पाहून पाहून मी वर बघायचंच सोडून दिलं होतं. निवृत्तीनंतर स्वस्थ बसावं म्हटलं, तर एका ट्रस्टने बोलावून घेतलं. चाकूरजवळच्या माळावर त्यांना कॅन्सरचं मोठं संकुल उभारायचं होतं. उपचार आणि संशोधन एकाच आवारात, आणि तेही पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करून. रक्ताच्या थेंबावरून रोग ओळखणारी प्रयोगशाळा, श्वासाबरोबर हलणारी गाठ नेमकी टिपणारी यंत्रं, असं बरंच काही त्या नकाशांत होतं. मला घेतलं होतं ते पाण्यासाठी. दुष्काळाचं तिसरं वर्ष चालू होतं. बैठकीत नांदेडचे आणि लातूरचे सदस्य समोरासमोर बसत. त्यातच नवा जिल्हा होणार अशी हवा होती, म्हणून हा माळ उद्या कुठल्या जिल्ह्यात जाईल, यावर तासन्‌तास खल चाले. पाण्याचा विषय शेवटी निघायचा, तोवर चहा संपलेला असायचा आणि निम्मी माणसं उठलेली असायची. मी नकाशांची गुंडाळी काखेत मारून घरी यायचो आणि जेवायचंही सुचत नसे.

त्याच दिवसांत माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, घशाचा कॅन्सर निघाला. आई लवकर गेल्यामुळे मला तिनेच वाढवलं. ती लवकर विधवा झाली, तेव्हापासून माझ्याकडेच आहे. मी नकाशावर ज्या आजाराला खोल्या वाटून देत होतो, तो माझ्याच घरात येऊन बसला. माझ्या माळावर तर अजून कुसळांखेरीज काही नव्हतं. मग परजिल्ह्यातल्या एका दवाखान्यात नाव घातलं, जवळच खोली भाड्याने घेतली. तिथे अक्काच्या चेहऱ्याच्या आणि मानेच्या मापाचा जाळीचा मुखवटा तयार केला. किरणं देताना मान जराही हलू नये म्हणून तो मुखवटा चढवून माणसाला टेबलाशी पक्कं करतात. सहा आठवडे रोज हे करायचं होतं.

पहिल्याच दिवशी गाडं अडलं. आम्ही लिंगायत. लहानपणी दीक्षेत मिळालेलं इष्टलिंग माणूस गळ्यात बाळगतो आणि मरेपर्यंत अंगावेगळं करत नाही. मी नोकरीच्या धावपळीत ते कधी देव्हाऱ्यात ठेवू लागलो, मलाही आठवत नाही. अक्काचं मात्र एक दिवसही उतरलेलं नव्हतं. मुखवटा बनवताना नर्सने दोरा खाली सरकवून भागवलं होतं, पण आता टेक्निशियनने सांगितलं, दोरा आणि लिंगाची चांदीची डबी दोन्ही काढावी लागतील, किरणांच्या वाटेत काही नको. अक्का टेबलावरून खाली उतरली, पदर सावरला आणि बाहेर येऊन बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"घरी चल," ती म्हणाली. "लिंग काढून जगायचं असंल तर मला न्हाई जगायचं."

मी तिला समजावलं, मग चिडलो. अडाणी म्हणालो, माझ्या जिवावर उठलीस असंही म्हणालो. ज्या बाईने मला अंगाखांद्यावर वाढवलं, तिला मी दवाखान्याच्या व्हरांड्यात चार लोकांसमोर असं बोललो. ते आठवलं की आजही मान खाली जाते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जास्त दिवस घालवू नका. गाठ थांबून राहणार नाही." दुसऱ्या दिवशी मी गावी जाऊन आमच्या मठातल्या महाराजांची चिठ्ठी घेऊन आलो. उपचारापुरतं लिंग उतरवण्यास हरकत नाही, असं त्यांनी आपल्या हाताने लिहून दिलं होतं. मला वाटलं, जिंकलो. सरकारी माणूस मी, वरून मंजुरी आणली की काम होतं एवढंच मला ठाऊक. अक्काने चिठ्ठी कपाळाला लावली, घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "महाराजांनी त्यांच्याकडून सोडलं रे. मला कुठं सुटून राहिलंय?"

चौथ्या दिवशी मी तिला नुसतं डॉक्टरांना भेटायला म्हणून पुन्हा घेऊन गेलो. आत दुसरे रुग्ण जात-येत होते. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो. ट्रस्टला संध्याकाळपर्यंत नकाशा दुरुस्त करून हवा होता, म्हणून मी तो मांडीवर पसरला. पाण्याची टाकी कुठे बसवावी ते सुचत नव्हतं. रेघ ओढायचो आणि खोडायचो. थकवा इतका की शेजारी अक्का रडते आहे, हे मला उशिरा कळलं. रडताना ती आवाज करत नसे, तोंडाला पदर लावून नुसती हलायची.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या सुमनबाई बसल्या होत्या. मुखेडकडच्या, चाळिशीच्या, निळी साडी. त्या दिवशी पाण्याचा टँकर आलेला नव्हता, फरशी पुसायची राहिली होती, म्हणून त्या बसून होत्या. एरवी त्या कुणाशेजारी बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्या सरकून अक्काजवळ आल्या.

"काहून रडून राहिल्या, आजी? दुखतंय का?"

अक्काने गळ्यातली डबी पदराबाहेर काढून दाखवली आणि तुटक शब्दांत सगळं सांगितलं. सुमनबाईंनी ऐकून घेतलं.

"आम्ही बौद्ध. आमच्यात हे न्हाई, म्हणून इचारते, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "याची पूजा कशी करता तुम्ही? गळ्यातच ठेवून?"

"न्हाई. डाव्या तळहातावर घेऊन."

"मग आत बी तळहातावरच घ्या की. हात तर मोकळाच असतोय, बाजूला. मी रोज बघते."

अक्का म्हणाली, "पूजा अशी कुठं बी करत न्हाईत, बाई. अंघोळ करून, आसनावर बसून करतात."

"आज अंघोळ न्हाई केली?"

"केली की. अर्ध्या बादलीत."

"मग झालं तर," असं म्हणून सुमनबाई उठल्या. कुणीतरी टँकर आल्याचं ओरडलं होतं, त्या बादली घेऊन गेल्या.

मी नकाशावर पेन्सिल टेकवून तसाच बसलो. लहानपणी ती पूजा मी रोज केलेली. अक्काच माझा हात धरून लिंग तळहातावर ठेवायला शिकवायची. चार दिवस मी मठापर्यंत धावपळ केली, आणि एवढी साधी गोष्ट मला किंवा तिला सुचली नव्हती. मी टेक्निशियनला गाठलं, त्याने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "हात किरणांच्या वाटेत येत नाही. धरू दे त्यांना." अक्काने आपल्या हाताने दोरा गळ्यातून उतरवला. लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि ताठ चालत आत गेली.

बाहेरच्या पडद्यावर मला ती दिसत होती. मुखवट्याखाली चेहरा झाकलेला, यंत्र तिच्याभोवती सावकाश फिरत होतं, आणि बाजूला तो सुरकुतलेला तळहात उघडा, जरासा उचललेला. मी कित्येक वर्षांनी हात जोडले. कुणाला जोडले, ते मला नीट सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुमनबाईंचे आभार मानायला गेलो. त्या म्हणाल्या, "मी काय केलं, साहेब? नुसतं इचारलं." मग माझ्या काखेतला नकाशा कसला, ते माझ्याकडून ऐकून म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या दवाखान्याला पाणी कुठून आणणार?" समितीतले सगळे मिळून जो प्रश्न टाळत होते, तो त्यांनी दोन दिवसांत विचारला. आदल्या दिवशी टँकर वेळेवर आला असता तर त्या फरशी पुसत असत्या, हेही मला तेव्हाच जाणवलं. याला योगायोग म्हणायचं तर म्हणा. मी वाद घालणार नाही, मी आता दमलो आहे.

पुढच्या बैठकीत मी आराखड्यात एक खोली वाढवून मागितली. यंत्राकडे नेण्याआधी तिथे कुणीतरी रुग्णाजवळ बसावं आणि त्याच्याकडून काय सुटत नाही ते विचारावं, एवढंच तिथलं काम. जिल्ह्याचा वाद रंगात आला होता, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. खोली मंजूर झाली. संकुल अजून कागदावरच आहे, पाण्याचंही ठरलेलं नाही. मी जातो, बसतो, माझं काम करतो. ते माझ्या हयातीत उभं राहिलंच पाहिजे, असं पूर्वी वाटायचं. तो हट्ट आता माझ्याजवळ नाही.

अक्काची गाठ विरघळली, पण आवाज बसला तो बसलाच. ती आता कुजबुजल्यासारखं बोलते. उपचाराच्या शेवटच्या दिवशी परतताना एसटीत मी तिला विचारलं, "इतके दिवस आत देवापाशी काय मागायचीस?"

ती खिडकीबाहेर बघत होती.

"काय मागणार? यंत्र फिरायला लागलं की हात थरथरायचा. लिंग खाली पडू नये म्हणून सांभाळत ऱ्हायचे," ती म्हणाली. "मागायचं ध्यानातच न्हाई ऱ्हायलं."