केसपेपरवरचा खोटा पत्ता

आमच्या चाळीखालचे डॉक्टर हुशार आहेत, हाताला गुणही आहे. पण आवाज असा की आत त्यांनी "पोट साफ होतं का?" विचारलं की बाहेरचा भाजीवाला मान वर करून बघतो. डॉक्टर आणि बाहेरचा बाक यांच्यामध्ये छातीएवढं फळकूट आहे, आणि त्या बाकावर कायम आमच्याच चाळीतलं कुणीतरी बसलेलं असतं. सर्दी-खोकल्याला याचं काही वाटत नाही. काखेतल्या गाठीला वाटतं.

गाठ मला अंघोळ करताना हाताला लागली. आईचं असंच सुरू झालं होतं आणि परळच्या मोठ्या हॉस्पिटलात संपलं. त्या फुटपाथवरून मी आजही जात नाही, वळसा घालते. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने अख्खं गणगोत फोनवर गोळा केलं असतं, स्वभावच तसा आहे त्याचा. म्हणून कुणालाच सांगितलं नाही. भाजी चिरतानासुद्धा मन त्या काखेतच असायचं. रोज चाचपून बघायचे आणि रोज ती मला कालच्यापेक्षा मोठी वाटायची.

शेवटी ठरवलं, चिंचपोकळीचा पूल ओलांडून पलीकडे जायचं. तिथे एक लेडी डॉक्टर बसतात असं ऐकलं होतं, आणि त्या बाजूला मला ओळखणारं चिटपाखरू नाही. दुपारी चाळ पेंगत असताना निघाले.

"नवीन पेशंट? केसपेपर काढावा लागेल," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "नाव, वय?"

नाव खरं सांगितलं. वय दोन वर्षांनी कमी, ते सवयीने. पत्ता विचारल्यावर मात्र जीभ अडखळली. हा कागद कुठे फिरेल, कोण वाचेल, काय नेम? मला नको तेव्हा शहाणपण सुचतं. मी बहिणीचा दादरचा पत्ता ठोकून दिला, पिनकोडसकट.

"दादरला कधी राहायला गेलीस गो?"

वळायच्या आधीच आवाज ओळखला. कोपऱ्यात मास्क लावून, पदर कपाळापर्यंत ओढून बसल्या होत्या आमच्या शेजारच्या खोलीतल्या वहिनी. आमची भिंतीला भिंत आहे. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिसऱ्या मजल्यावर कुणाचं दूध उतू गेलं तरी तळमजल्याला ते त्यांच्याकडूनच कळतं. एवढी मुंबई सोडून नेमक्या ह्याच भेटाव्यात? मला रागाने रडू यायचं बाकी राहिलं.

तेवढ्यात मुलीने एक नाव पुकारलं. मी ते कधी ऐकलेलं नव्हतं, आणि वहिनी उठल्या. पठ्ठीने माहेरचं नाव लावलं होतं.

"तू मला बघितलं नाहीस, मी तुला बघितलं नाही," माझ्याजवळून जाताना त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाहेर आल्यावर मात्र घरी जायचं सोडून माझ्या शेजारी येऊन बसल्या. "खोकले, हसले की लुगडं बदलावं लागतं," त्यांनी हळूच सांगितलं. त्यांना हळू बोलता येतं हे मला नवीनच होतं. "म्हणून भजनाला येत नाही. तुम्ही सगळ्या म्हणता, वहिनींना शिष्टपणा आलाय." आम्ही म्हणत होतो खरं. "डॉक्टरीण म्हणाली, व्यायामाने फरक पडेल. तुझं काय?"

मी सांगितलं. तो शब्द पहिल्यांदा तोंडाबाहेर पडला, आणि तोही चाळीच्या रेडिओपाशी. माझा नंबर आला तेव्हा माझी पर्स काखोटीला मारून, कुणी बोलावलेलं नसताना माझ्या मागोमाग आत आल्या.

डॉक्टरांनी गाठ तपासली, हळूहळू, दोनदा. "मऊ आहे, बोटाखाली सरकतेय. बहुतेक चरबीची गाठ. तरी सोनोग्राफी करून घेऊ, म्हणजे तुम्हालाही झोप लागेल."

दोन दिवसांनी सोनोग्राफीला वहिनीच सोबत होत्या. चाळीत कुणीतरी विचारलं, दोघी कुठे निघालात? "साडीला फॉल लावायला," वहिनींनी न थबकता ठोकलं.

गाठ चरबीचीच निघाली. परत येताना पुलावर मी थांबले. कठडा धरून मी पोटभर रडले, आणि रडता रडता हसायलाच लागले. थांबवता येईना. रस्त्यावरच्या लोकांना दिसू नये म्हणून वहिनी माझ्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या.

"हसवू नकोस गो मला," त्या म्हणाल्या, "व्यायाम कालच सुरू केलेत."

त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी ओरडला, मग बराच वेळ माझा हात धरून बसला, आणि मग माझ्या नणंदेला फोन लावायला उठला. मी त्याला अडवलं नाही. किती दिवसांनी भूक लागली होती, मी भात परत वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट दाखवायला गेलो. मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "आधी पत्ता बदला, चुकलाय." तिने दादर खोडून लालबाग लिहिलं. शेजारून वहिनींनीही माहेरचं नाव खोडून सासरचं लिहून घेतलं.

"दोघींचा पत्ता एकच?" मुलीने चष्म्यावरून बघितलं. मग माझा कागद पुढे ओढला. "घरच्या कुणाचा दुसरा नंबर? मागच्या वेळी दिला नव्हतात."

मी तोंड उघडायच्या आत वहिनींनी आपला नंबर सांगून टाकला.

"नातं?"

"मी तिची मोठी जाऊ," वहिनी म्हणाल्या.

पत्ता मी खरा करून घेतला होता. हे खोटं तसंच राहू दिलं.