बीम वळेल इतकी वाट

बाळाराम तरे वकिलांच्या पत्नी सीताबाई म्हणायच्या, "आमच्या घरी आधी दूधवाल्याची उलटतपासणी होते, मग चहा होतो." यात खोटं काही नव्हतं. म्हैस कुठली, चारा कुठून येतो, पाऊस लागला की गोठा कसा कोरडा ठेवता, हे सगळं विचारून झाल्याशिवाय तरे पातेलं पुढे करत नसत. दूधवालाही सवयीने पाच मिनिटं आधीच यायचा.

तरे मूळचे दिघाशीचे. भाताची शेती असलेल्या घरातला पहिला वकील. एकोणऐंशी साली सनद मिळाली आणि भिवंडीच्या कोर्टाबाहेर, एका टायपिस्टच्या टेबलाशेजारी, त्यांनी आपली खुर्ची मांडली. पहिली चार वर्षं कामापेक्षा खुर्चीच जास्त झिजली. मग तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीने आपला दावा त्यांच्याकडे दिला, कारण त्या गावापर्यंत चिखलातून जाऊन जागा बघायला दुसरा कोणी वकील तयार नव्हता. तरे गेले, आणि चिखलात उभे राहून दोन तास माणसांना प्रश्न विचारत राहिले. पुढे एकीचं पाहून दुसरी, असं करत अठ्ठ्याऐंशी सालापर्यंत नऊ ग्रामपंचायतींची कामं त्यांच्याकडे आली. कुठे विहिरीची वाट अडवलेली, कुठे शाळेच्या आवारातल्या जांभळाच्या मालकीवरून भांडण, कुठे घरपट्टीची आकारणी कोणाला मान्य नाही. बाररूममध्ये त्यांना 'पंचायतीवाले तरे' म्हणत. त्यात थोडी चेष्टा होती. त्यांना ती कळत होती, पण टोचत नव्हती.

त्यांचा एक नियम होता. जागा पाहिल्याशिवाय कैफियत लिहायची नाही. लूना रस्त्याला उभी करायची, पॅन्ट दोन घड्या वर दुमडायची, पिशवीतून टेप काढायचा आणि निघायचं. याच नियमाने त्यांना एकदा पुरतं गोत्यात आणलं, त्याची ही हकिकत.

टेमघरच्या पुढे कोंडपाडा नावाची वस्ती होती. शहरातले लूम, म्हणजे यंत्रमाग, वाढत वाढत तिथवर पोचले होते. त्या वस्तीत सत्तारशेठचा चोवीस लूमचा कारखाना होता. कारखान्याच्या भिंतीला लागून एक गल्ली आत जायची, पुढे काटकोनात वळायची आणि हबीबाबींच्या शेडपाशी संपायची. हबीबाबींचे लूम चार. त्यांचे पती मजीदभाई दोन वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून त्या आणि त्यांची मुलगी माजिदा मिळून ते चालवत होत्या. माजिदा आडव्या सुताच्या कांड्या भरायची, हबीबाबी लूमवर उभ्या राहायच्या.

सत्तारशेठने कांड्या भरायच्या मशिनसाठी कारखाना वाढवायला घेतला आणि नवी भिंत गल्लीत आणली. ग्रामपंचायतीने अतिक्रमणाची नोटीस काढली. शेठ कोर्टात गेले. कोर्टाने निकाल लागेपर्यंत 'जैसे थे' ठेवायला सांगितलं. म्हणजे भिंत पाडायची नाही, वाढवायचीही नाही.

पंचायतीतर्फे तरे नियमाप्रमाणे जागा पाहून आले. बरोबर सरपंच चांगदेव होते. गल्लीच्या तोंडाशी टेप लावला. नवी भिंत सोडून तीन फूट एक इंच वाट उरत होती. डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई त्यांच्या देखत आरामात निघून गेली. तरेंनी तेही टिपून घेतलं.

आठ दिवसांनी शेठच्या वकिलांकडून निरोप आला, तीन फूट वाट कायम सोडतो, मिटवून टाकू. चांगदेव खूश झाले. "घेऊन टाका, वकील. रोज सकालचं त्याचं तोंड बघाया लागतं मना. कवर भांडू?" तरेंनाही ते पटलं. पंचायत तीन फुटांवर तडजोडीला तयार आहे, अशी पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, त्यांनी आपल्या सहीने कोर्टात दाखल केली. तडजोडीचा मसुदा पुढच्या मंगळवारी द्यायचा ठरला.

त्याआधीच्या शुक्रवारी एक बाई टायपिस्टच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. अंगावर पांढरा दुपट्टा, त्याला सुताचे बारीक तंतू चिकटलेले.

"पंचायतीचे वकील आपणच का?"

"मीच. आपण?"

"मी हबीबा. गल्लीच्या आतली." मग आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "वकीलसाब, तुम्ही शेठशी समझोता केला म्हणे. एवढंच विचारायला आले, मेरा बीम कहाँ से जाएगा?"

तरेंनी बीम पाहिले होते. भिवंडीत ते कोणी पाहिले नसतील? सायझिंगमधून खळ लागलेलं उभं सूत, म्हणजे ताणा, गुंडाळून येणारा लोखंडी रूळ, दोन्ही टोकांना मोठ्या चकत्या. हमाल तो खांद्यावर घेऊन लांबीत चालतात. "बाई, चकती जास्तीत जास्त दोन फूट. वाट तीन फूट आहे. मी स्वतः मोजलीय."

हबीबाबींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मोजली कुठे?"

"गल्लीच्या तोंडाशी," तरे म्हणाले.

"माझे दोन लूम बंद पडलेत," हबीबाबी सांगू लागल्या. "उरलेल्या दोनांवरचा ताणा आणखी आठ दिवस पुरेल. व्यापारी म्हणतो, पुढच्या रविवारपर्यंत माझा बीम चढला नाही तर दुसरीकडे देतो. मग चारही भंगारात. समझोता तुमचा झाला, सही मला कोणी विचारली नाही."

ती संध्याकाळ तरेंनी कोंडपाड्यात घालवली. गवंड्याचा एक बांबू पडला होता. "बीम केवढा लांब?" त्यांनी विचारलं. हबीबाबींनी खूण दाखवली, बाहेर आलेली टोकं धरून सहा फूट. तेवढा बांबू धरून तरे गल्लीत शिरले. सरळ वाटेत काही अडलं नाही. वळणावर बांबूचं पुढचं टोक समोरच्या घराला टेकलं आणि मागची बाजू नव्या भिंतीच्या कोपऱ्याला अडली. त्यांनी कलता केला, मागे घेतला, पुन्हा लावला. बांबू कसाबसा घासून निघाला. पण बांबूला चकत्या नव्हत्या.

माजिदा दारातून पाहत होती. "काका, त्यात दीड-दोन मण सूत धरा, मग फिरवा."

"उभा करून नेला तर?"

"भरलेला बीम उभा नाही करत. सूत खाली सरकतं. कडेचे तार ढिले पडले की लूमवर चढल्यावर सारखे तुटतात."

"का सरकतं? घट्ट गुंडाळलेलं असतं ना?" भान हरपून तरे विचारत सुटले. मायलेकींनी त्यांना आत नेऊन अर्धा संपलेला ताणाच दाखवला. परतताना मात्र लूनावर त्यांना स्वतःची चूक लख्ख दिसली. आपण जागा पाहिली होती, टेप लावला होता, आणि तरीही गल्लीचा सोपा भाग मोजून घरी आलो होतो. त्यावर आपली सही होती.

दुसऱ्या दिवशी ते चांगदेवांकडे गेले. सरपंच अंगणात खाट टाकून बसले होते.

"मिटलंय ते पुना कशाला उकरता?" चांगदेव वैतागले. "पंचायतीची वाट ऱ्हायली ना? माणूस जातो ना?"

"माणूस जातो. पण त्या वाटेने माणसं काय घेऊन जातात, तेही बघायला नको?"

"तुमीच सही केली."

"म्हणून तर मीच सांगायला आलोय. माझं चुकलं असं मी कोर्टात म्हणेन, तुमच्यावर येऊ देणार नाही. फक्त मला नको म्हणू नका."

चांगदेवांनी खाटेची सुटलेली दोरी ताणून बांधली. शेवटी म्हणाले, "मजीद आमच्या कबड्डीच्या संघात व्हता. पाय धरला की सोडायचा न्हाय." आणि ते चहा सांगायला उठले. तरेंनी तोच होकार समजला.

मंगळवारी न्यायाधीशांनी मसुदा मागितला. तरे उभे राहिले. "साहेब, पुरशिस मी दिली, पण ती अपुऱ्या माहितीवर दिली. मी गल्लीचं तोंड मोजलं, वळण मोजलं नाही. चूक पक्षकाराची नाही, माझी आहे."

शेठचे वकील हसले. "नऊ ग्रामपंचायती सांभाळणाऱ्यांना एक गल्ली मोजता येईना?"

"येईना," तरे म्हणाले. "म्हणूनच जागा पाहायला कोर्टातर्फे कमिशनर नेमावा अशी विनंती आहे. आणि पाहणीच्या वेळी टेपबरोबर एक भरलेला बीमही असावा."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. बीम म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी पाच मिनिटं समजून घेतलं. नंतर शुक्रवारची पाहणी आणि सोमवारची पुढची तारीख ठरली.

शुक्रवारी गल्लीत माणसं मावेनात. कमिशनर म्हणून नेमलेला तरुण वकील हातात कागद घेऊन भिंतीला चिकटून उभा होता. दोन हमालांनी हबीबाबींसाठी आलेला भरलेला बीम खांद्यावर घेतला. सरळ वाटेत ते झपझप गेले, वळणावर अडकले. मागचा हमाल ओरडला, "ए भाय, पीछे ले, उंगली जाएगी!" दोनदा, तीनदा प्रयत्न झाले. चकती भिंतीवर घासून सिमेंटची धूळ उडाली.

"खडा करो ना," शेठचे वकील म्हणाले. "उभा करून वळवा."

हमालांनी सत्तारशेठकडे पाहिलं. सत्तारशेठ खाली पाहत होते.

तरेंना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यात डाव नव्हता, निदान त्या क्षणी तरी नव्हता. ते म्हणाले, "शेठ, मी या धंद्यातला नाही. तुम्ही लहानपणापासून लूमवर आहात. तुमच्या कारखान्यात भरलेला बीम कधी उभा करतात का?"

शेठच्या वकिलांनी त्यांचं कोपर धरलं. शेठने ते सोडवून घेतलं. बाराव्या वर्षी ते दुसऱ्याच्या लूमवर कामाला लागले होते. चोवीस लूमचे मालक झाले तरी कापडाचा एक पदर बोटांत धरून किती तार तुटले ते सांगत. आजूबाजूला त्यांचेच कामगार उभे होते.

"नाही," शेठ म्हणाले. "कधीच नाही. माझ्याकडे कोणी उभा केला तर मी त्याला त्याच पाळीला घरी पाठवीन." मग चिडून हमालांवरच ओरडले, "अरे, खाली ठेवा आधी. बाईचा माल आहे, धूळ लागतेय!"

कमिशनरने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

शेठच्या वकिलांनी अजून लढू म्हटलं, पण शेठचं मन त्यातून उडालं होतं. सोमवारी पूर्ण भिंत जाण्यापेक्षा आज कोपरा गेलेला बरा, असा हिशेबही त्यांनी मनात केला असेल. ते म्हणाले, "किती हवंय, सांगा."

मग सगळे जमिनीवर वाकले. हमाल बीम हळूहळू वळवत राहिले आणि चकतीची कड जिथून जाईल तिथे तरे खडूने रेघ ओढत गेले. रेघ गोलसर आली. तिच्या आतला भिंतीचा कोपरा तोडायचा, सरळ भागात तीन फूट वाट कायम, हे मुद्दे तिथेच कच्चे लिहिले गेले. तरेंनी कागद आधी हबीबाबींपुढे धरला.

"मी तर दाव्यात नाही," त्या म्हणाल्या.

"नसाल. यावेळी वाचून घ्या."

त्यांनी वाचलं, माजिदाकडून पुन्हा वाचून घेतलं, आणि 'शेडच्या दारापर्यंत' हे दोन शब्द त्यात घालायला लावले. चांगदेवांनी पंचायतीतर्फे सही केली. कमिशनरच्या अहवालासकट कागद संध्याकाळपर्यंत कोर्टात जाऊन मंजूर झाला, आणि शनिवारी सकाळी शेठच्याच गवंड्याने कोपरा फोडला.

दुपारी बीम आत गेला. शेठ आले नाहीत, पण ताणा जोडणारा आपला कारागीर त्यांनी पाठवून दिला. तो जुन्या ताण्याच्या टोकाला नव्या सुताचा एकेक तार जोडू लागला. बोटं इतकी भराभर चालत होती की गाठ कधी पडते ते दिसत नव्हतं.

"असे एकूण किती?" तरेंनी विचारलं.

"अठराशे," हबीबाबी म्हणाल्या. "वेळ लागेल, वकीलसाब. घरी जायचं असेल तर जा."

तरेंनी सुताचं एक रिकामं खोकं ओढलं आणि कारागिराच्या हाताजवळ, त्याच्यावर सावली पडणार नाही अशा बेताने, बसले.

"एक सांगा," ते म्हणाले, "गाठ उलटी पडली तर कळतं का?"