बोटांनी पाहणारा

नवा रायपूरच्या सचिवालयाकडे जाणाऱ्या बसमध्ये माझी किल्ली सीटखाली पडली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या काकांनी डोळे मिटले, खाली हात घातला आणि किल्ली अलगद माझ्या हातात ठेवली.

"डोळे काहून मिटले, काका?"

"सवय आहे. समुद्रात बुडालेल्या जहाजांतून माल काढत होतो. तांबं, कथील, कधी कधी तं चांदीच्या विटा. खाली गाळात काही दिसत नाही, बोटांनीच पाहा लागते."

समुद्र इथून किती लांब, आणि ती बोटं माझ्या शेजारी. नखं पार झिजलेली.

"आठवण म्हणून काय ठेवलं?"

ते ताठ बसले. दोन्ही तळवे उघडून त्यांनी मांडीवर ठेवले.

"एक खिळाबी नाही. म्हणून तं चांदी असली का मलेच उतरवत होते."