मधूच्या फाइलमधली एक ओळ

मधू गेला, हे त्याच्या लॅपटॉपला आज मी सांगितलं.

महिना झाला त्याला जाऊन.

नारायण पेठेतल्या शाळेत आम्ही एका बाकावर. सत्तरी ओलांडल्यावर मधूला खूळ लागलं. शाळेतल्या कविता, ज्याला जी आठवेल ती, वर्गमित्रांसाठी एका वेबसाइटवर आणायच्या.

कोड एआय लिहायचा. मधू त्याला मराठीत फर्मान सोडायचा आणि मी शेजारी बसून कविता म्हणायचो. कर्वेनगरातला त्याचा हॉल, दुपारचं ऊन, आणि माझ्या डोळ्यांसमोर एका सुरात डोलणारा सहावीचा वर्ग.

पण नवीन चॅट उघडला की एआय कालचं सगळं विसरलेला.

"ह्याला पाठांतर नाही रे," मधू म्हणाला. "तुझ्या उलट. वही समोर असली तरच हुशार."

मग त्याच्या सुनेनं, मेघनानं, युक्ती सांगितली. फोल्डरमध्ये एक साधी फाइल ठेवायची. एआय दरवेळी ती आधी वाचतो, मग कामाला लागतो.

"पण बाबा, थोडक्यात लिहा. फाइल फार लांबली की महत्त्वाचं त्यातच बुडतं."

थोडक्यात लिहायला मधूला शिकवावं लागलं नाही.

'न विचारता सुधारणा करू नयेत.'
'कडव्यांचा क्रम आमचा आहे. तोच बरोबर.'

दर रविवारी तो त्यातल्या जुन्या ओळींना कात्री लावायचा.

साइटवरची अक्षरं मात्र एवढाली.
"अरे, बालवाडी काढलीस का?" मी चिडवायचो.
"मला दिसत नाही," तो म्हणायचा.

आज मेघनानं बोलावलं. "नानाकाका, शेवटची कविता राहिलीय. तुम्ही सांगा, मी टाइप करते."

कविता झाली. मी म्हटलं, "अक्षर लहान करायला सांग. सगळी एका पानात मावेल."

एआयनं उत्तर दिलं की फाइलमधली सूचना वेगळी आहे, तरी बदलू का? खाली ती ओळ.

मेघना वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, "वाच."

'अक्षर मोठंच ठेवणे. नानाला कमी दिसतं. तो कबूल करणार नाही. त्याला सांगू नये.'

एआयला काय ठाऊक, समोर नानाच बसलाय.

डोळ्यांचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. स्क्रीनकडे बघून वाचल्यासारखं करायचो. म्हणायचो सगळं पाठ.

इतक्या रविवारी इतक्या ओळी कापल्या त्यानं. ही नाही कापली.

"काढू का ही, काका?"

"राहू दे. खाली लिही."

तिनं लिहिलं. 'मधू गेला. यापुढे नाना सांगेल. अक्षर मोठंच ठेवणे.'

निरोप घेतो, मधू.

आणि हो. मला कमी दिसतं. कबूल.